म्हाळ घालायचाय? आधी तिथी, मग नावं, स्वयंपाक सगळ्यात शेवटी

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून घराघरात म्हाळाचे, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाचे, फोन सुरू होतात, बाबांचा म्हाळ नक्की कधी येतो रे, खिरीत गूळ घालायचा का साखर, वडे उडदाचे का भाजणीचे, आणि दहातले आठ प्रश्न स्वयंपाकाचेच असतात. खरी गडबड मात्र स्वयंपाकात होतच नाही. तिथी चुकते, नावं माहीत नसतात आणि दिवसाचा क्रम उलटसुलट होतो, या तीन जागी लोक दरवर्षी अडकतात. आत्तापर्यंत वडील किंवा काका बघायचे आणि आता पहिल्यांदा तुमच्या अंगावर आलंय, अशांसाठी हे सगळं ओळीने लिहितोय.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. घरातली कुणी म्हातारी माणसं "आपल्याकडे असं नसतं" म्हणाली तर त्यांचं ऐका, माझं नको. गावागणिक, कुळागणिक फरक असतो आणि तो असू द्यावा.

## टप्पा १ : तिथी पक्की करा (निदान महिनाभर आधी)

१. माणूस गेला ती इंग्रजी तारीख आणि वेळ शोधा. मृत्यूच्या दाखल्यावर बऱ्याचदा नुसती तारीख असते, वेळ हॉस्पिटलच्या कागदावर सापडते. वेळ का लागते तर तिथी रात्री बाराला बदलत नाही, ती सकाळी नऊला बदलेल नाहीतर दुपारी तीनला, आणि माणूस गेला त्या क्षणी जी तिथी चालू होती तीच धरायची.

२. त्या वर्षीच्या पंचांगात ती तिथी बघा. जुनं पंचांग घरात नसेल तर गुरुजींना तारीख-वेळ-गाव कळवा, ते काढून देतात.

३. आता महिना आणि पक्ष सोडून द्या, फक्त तिथी घ्या. इथे फार लोक गोंधळतात म्हणून सणांवरून सांगतो. कुणी आषाढी एकादशीला गेलं असेल तर त्यांचा म्हाळ पितृपक्षातल्या एकादशीला, दसऱ्याला गेलं तर दशमीला, गणेश चतुर्थीला गेलं तर चतुर्थीला, रामनवमीला गेलं तर नवमीला. शुद्ध का वद्य याने काही फरक पडत नाही, कारण पितृपक्ष हा भाद्रपदाचा वद्य पक्ष, त्यात पंधरवड्याच्या सगळ्या तिथ्या एकदा येतातच.

४. मग या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये त्या तिथीचं श्राद्ध कोणत्या दिवशी छापलंय ते बघा. चौकोनात जी तिथी मोठ्या अक्षरात असते ती सूर्योदयाची, आणि म्हाळाला तिथी दुपारची लागते, साधारण दीड ते चार हा अपराह्णकाळ. म्हणून कॅलेंडरात चतुर्थी दिसते आणि बाजूला बारीक अक्षरात "पंचमी श्राद्ध" लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर खरं.

काही तिथ्यांचं वेगळं असतं. नवरा हयात असताना बाई गेली असेल तर अविधवा नवमी, मग तिची स्वतःची तिथी कुठलीही असो. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांची चतुर्दशी. संन्यास घेतलेल्यांची द्वादशी. पौर्णिमेला गेलेल्यांचं, किंवा साध्या आजारपणाने पण चतुर्दशीलाच गेलेल्यांचं बऱ्याच घरी अमावस्येला करतात, पण हे आपापल्या गुरुजींना विचारूनच ठरवा. तिथी अजिबातच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहेच.

सांभाळा : मागच्या वर्षीची तारीख मोबाइलमध्ये रिपीट लावून ठेवू नका. सर्वपित्री अमावस्या २०२३ ला १४ ऑक्टोबरला होती, २०२४ ला २ ऑक्टोबरला, आणि २०२५ ला २१ सप्टेंबरला. आणखी एक, उत्तरेकडच्या ॲपमध्ये हाच पंधरवडा "आश्विन कृष्ण" म्हणून दिसतो, ते बघून लोक घाबरतात की आपला महिना चुकला. चुकला नाही, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला, पंधरवडा तोच.

सांभाळा : माणूस जाऊन वर्ष झालं नसेल तर बहुतेक घरी त्यांना म्हाळात घेत नाहीत, आधी वर्षश्राद्ध व्हावं लागतं. भरणी श्राद्ध (पितृपक्षात भरणी नक्षत्राच्या दिवशी करतात ते) पहिल्याच वर्षी का नंतर यावरही घरोघरी वेगळं ऐकू येतं, त्यामुळे हे दोन प्रश्न गुरुजींना पहिल्याच फोनमध्ये विचारून टाका.

## टप्पा २ : नावांची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्याकडे बाबा गेल्यावर आम्ही पहिल्यांदा म्हाळ घातला तेव्हा सामान, स्वयंपाक, पाट सगळं जागेवर होतं आणि गुरुजींनी विचारलं, "पणजीचं नाव?" आम्ही तिघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. गुरुजींनी समजुतीने पुढे नेलं पण मला ते फार लागलं. जिच्यामुळे आपण आहोत तिचं नाव तीन पिढ्यांत पुसलं गेलं होतं. म्हाळ म्हणजे मुळात नाव घेऊन एकेकाला बोलावणं, नावच नसेल तर बोलावणार कुणाला.

वहीत चार रकाने करा : नातं, नाव, गोत्र, कुठून माहीत झालं. आणि या क्रमाने भरा :

१. वडील, आजोबा, पणजोबा.
२. आई, आजी, पणजी (वडिलांकडच्या).
३. आईचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका.
४. बायको किंवा नवरा, मुलं, भाऊ-बहीण, काका-काकू, आत्या, मामा, मावशी.
५. सासू-सासरे, गुरू, जिवलग मित्र, शेजारी. हो, मित्रांचंही नाव घेता येतं, आप्त म्हणून, हे खूप जणांना माहीतच नसतं.

तिसऱ्या ओळीतली नावं जवळपास कुणाकडेच पूर्ण नसतात, ती शोधायच्या जागा सांगतो. घरातल्या जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ते भिंग लावून वाचा, माझ्या पणजीचं नाव मला शेवटी एका घंगाळाच्या काठावर सापडलं. शेती असेल तर जुने फेरफार काढा, वारसनोंदीत विधवेचं आणि मुलींचं नाव सापडू शकतं. जुन्या लग्नपत्रिका बघा, गावच्या देवळात पायरीवर किंवा देणगीच्या पाटीवर बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात, आपल्या घराण्यातलं कुणी तिथे जाऊन आलं असेल तर त्यांच्या नामावळीत नावं मिळू शकतात, आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. आणि सगळ्यात आधी घरातल्या सर्वात वयस्कर आत्याला फोन करा. आत्यांना सगळं आठवत असतं, विचारत कुणी नाही.

बायकांच्या नावात एक घोळ हमखास होतो. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आणि सगळे हाक मारायचे ते "ताई", "माई", "जिजी" आणखी वेगळं. यादीत सासरचं, म्हणजे लग्नातलं नाव लिहा, माहेरचं माहीत असेल तर बाजूला कंसात ठेवा. आजीचं नाव "माई" असं सांगितलंत तर संकल्पात तेच जाईल.

गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरतात, त्यासाठी अडून बसू नका.

तपासा : यादीतला प्रत्येक माणूस खरंच गेलेला आहे ना? हसू नका, लांबच्या मावशीचं नाव घाईत लिहिलं जातं आणि ती ठणठणीत असते. यादी झाली की घरातल्या दोन मोठ्या माणसांना वाचून दाखवा, फोनवर का होईना.

तपासा : आई हयात असेल तर आईचं नाव यादीत येत नाही, पण आजी-पणजीचं येतं. आणि वडील हयात असतील तर म्हाळ मुलाने घालायचा नाही, तो वडिलांनीच. अशा मुलाला आईच्या वडिलांसाठी आश्विन शुद्ध प्रतिपदा असते, घटस्थापनेचा दिवस, त्याला आजेपाडवा म्हणतात.

## टप्पा ३ : कसं करायचं ते ठरवा आणि माणसं सांगून ठेवा

तीन-चार पद्धती आहेत, घराला झेपेल ती घ्या. ब्राह्मण जेवायला बसवून पिंडदानासकट पूर्ण विधी. ब्राह्मणांच्या जागी दर्भाचे चट, म्हणजे दर्भाच्या जुड्या, मांडून एका गुरुजींकडून करून घेतात ते चटश्राद्ध. पिंड न करता फक्त संकल्प करून जेवण घालणं. आणि काहीच जमत नसेल तर नावाने शिधा किंवा दक्षिणा देणं. बहुजन समाजात पुष्कळ ठिकाणी गुरुजी नसतातच, भाऊबंदातली, गल्लीतली माणसं "पित्र" म्हणून जेवायला बोलावतात, निखाऱ्यावर तूप आणि घास घालून आगारी टाकतात, तेही तितकंच पूर्ण आहे. कुणी तुम्हाला कमी-जास्त सांगत असेल तर मनाला लावून घेऊ नका. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीचे पुरोहित अर्थ सांगून विधी करवतात, त्यात स्त्री पुरोहितही असतात. मुलगा नसेल आणि मुलीला करायचं असेल तरी आता बरेच गुरुजी करवून घेतात, फक्त आधी स्पष्ट विचारा, आयत्या वेळी दारात वाद नको.

गुरुजींना फोन गणपतीच्या आधीच करा. पंधरा दिवसांत त्यांच्याकडे एकेका दिवसाला चार-चार घरं असतात. फोनवर हे पाच प्रश्न विचारा : किती वाजता येणार, पिंड आहेत का, पिंडांचा भात वेगळा लावायचा का, दर्भ-माका तुम्ही आणणार का आम्ही, आणि स्वयंपाक किती वाजता तयार लागेल.

जेवायला सांगायची माणसंही आठ दिवस आधी सांगा आणि वेळ सांगा. गावात एकाच तिथीला पाच घरी पित्र असतात, तीच माणसं सगळीकडे सांगितलेली, आणि मग तुमच्याकडे पान वाढून दोन-दोन तास वाट बघावी लागते. अविधवा नवमी असेल तर सवाष्ण जेवायला सांगायची, तिच्या ओटीचं सामान आत्ताच आणून ठेवा.

## टप्पा ४ : सामान

काळे तीळ (न भाजलेले, निवडलेले), जव, दर्भ, तुळस, माक्याची पानं, पांढरी फुलं, उगाळलेलं गंध, विड्याची पानं-सुपारी, जानवी, मध, तूप, केळीची पानं नाहीतर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, ताम्हण, पळी, तांब्याचा तांब्या. लाल आणि उग्र वासाची फुलं घेत नाहीत. माका शहरात आयत्या वेळी मिळत नाही, फुलवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा.

फोटो ठेवणार असाल तर तो आधी काढून बघा. पुष्कळ घरी गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो नसतोच, लग्नातला जोडीचा असतो आणि जोडीतलं एक माणूस समोर बसलेलं असतं. अशा फोटोला हार घालू नका, त्यांचा जीव काय म्हणेल. एकट्याचा वेगळा काढून घ्या, फोटोवाला दहा मिनिटांत करून देतो.

## टप्पा ५ : आदला दिवस

उडदाची डाळ रात्री भिजत घाला. नारळ खवून ठेवा, गवार मोडून ठेवा, भोपळा मात्र सकाळीच चिरा. जो करणार आहे त्याने रात्री हलकं खावं. बैठकीची जागा मोकळी करा, कारण करणारा पितरांच्या कामाला दक्षिणेकडे तोंड करून बसतो आणि फ्लॅटमध्ये नेमका तिकडेच टीव्ही किंवा सोफा असतो. सकाळी सामान हलवत बसलात की अर्धा तास गेला. लिफ्टचं, पाण्याचं काम सोसायटीत त्या दिवशी निघालेलं नाही ना तेही बघा.

## टप्पा ६ : स्वयंपाक, उलटा हिशोब करून

पान कधी वाढायचं ते आधी, त्यावरून मागे मोजत जा. गुरुजी म्हणाले साडेबाराला नैवेद्य, तर वडे पावणेबाराला तळायला घ्यायचे, त्याच्या आधी भात, त्याच्या आधी भाज्या, आणि खीर सगळ्यात आधी कारण ती निवली तरी चालते.

पानात साधारण असतं ते हे : वरण-भात, तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, कढी, गवार, कारलं, भोपळा, भेंडी, अळू यातल्या भाज्या, काकडीची कोशिंबीर, अळूवडी किंवा भजी. घरापरत्वे पुरणपोळी, घारगे, लाडू. कांदा-लसूण नाही, मसूर नाही. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ करतात बरीच घरं, तो जरूर करा.

- खिरीत गूळ घालणार असाल तर गॅस बंद करून खीर कोमट झाल्यावरच घाला, उकळत्या दुधात गूळ गेला की फाटलं म्हणून समजा, आणि त्या दिवशी परत दूध आणायला माणूस मोकळा नसतो.
- वड्याचं वाटण घट्ट ठेवा, पाणी जास्त झालं की वडा तेल पितो.
- आमसुलं तासभर कोमट पाण्यात भिजली पाहिजेत, मग गूळ, जिरं, मिरची घालून वाटायची.

सांभाळा : नैवेद्याच्या आधी चव बघायची नाही. त्यामुळे मीठ अंदाजाने नको, चमच्याने मोजून घाला. घरातल्या लहान मुलांना आणि औषधं घेणाऱ्यांना सकाळी वेगळं काहीतरी खायला करून ठेवा, शुगरच्या पेशंटला दोन वाजेपर्यंत उपाशी ठेवू नका. बाबांना हे चाललं नसतं.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष क्रम

१. आंघोळ, मग घरच्या देवांची रोजची पूजा. ती टाळायची नसते.

२. दारात त्या दिवशी रांगोळी काढत नाहीत. पान मांडायच्या जागी पाण्या-गंधाने मंडल करतात, देवांच्या पानाखाली चौकोनी, पितरांच्या पानाखाली गोल.

३. आचमन आणि संकल्प. नावांची वही इथे हातात हवी, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी धरून वाचावी कारण तुमचे हात ओले असतात.

४. जानवं किंवा उपरणं. देवांचं करताना डाव्या खांद्यावर, हातात जव. पितरांचं करताना उजव्या खांद्यावर, हातात तीळ. गुरुजी "अपसव्य" म्हणाले की उजवा, "सव्य" म्हणाले की डावा, एवढं लक्षात ठेवा, हा खांदा दिवसभरात खूप वेळा बदलतो.

५. पान वाढणं. सगळे पदार्थ वाढून झाल्यावरच पाणी सोडतात, त्यामुळे आतल्या माणसाला आधीच सांगा की काही राहिलं असेल तर आत्ताच आणा.

६. पिंड असतील तर ते जेवणाआधी का नंतर हे गुरुजी सांगतील, घराण्याच्या वेदशाखेप्रमाणे वेगळं असतं.

७. तर्पण. ओंजळीतलं तीळपाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचं, बोटांच्या टोकावरून नाही. ज्यांच्याकडे गुरुजी नाहीत त्यांनीही एवढं तरी करावं, ताम्हणात पाणी सोडत एकेकाचं नातं, नाव, गोत्र मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात पुटपुटू नका. घरातल्या पोरांच्या कानावर ही नावं वर्षातून एकदाच पडतात.

८. यादी संपली की ज्यांची नावं सापडलीच नाहीत आणि ज्यांचं करणारं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी एक ओंजळ. पिंड असतील तर याचसाठी धर्मपिंड असतो.

तपासा : पान उचलण्याआधी वहीवर बोट फिरवून बघा, एखादं नाव राहिलं का. राहिलं असेल तर तिथेच घ्या, नंतर आठवून हळहळण्यापेक्षा बरं.

## टप्पा ८ : कावळ्याचा घास

कुणी जेवायच्या आधी गाय, कुत्रा, कावळा यांचे घास काढा. कावळ्याचं पान टेरेसवर किंवा कट्ट्यावर मोकळ्या जागी ठेवा, भोवती पाणी फिरवा आणि बाजूला व्हा. दहा जण मोबाइल घेऊन उभे राहिले तर कावळा येणार कसा.

आणि आला नाही तर? लोक इथे रडकुंडीला येतात, नक्की काहीतरी राहिलं, बाबा नाराज आहेत. पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात ती दहाव्याला, आणि तिथेही नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात. म्हाळाचा हा घास नुसता काढून ठेवायचा असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा, खाली या, माणसांना जेवायला वाढा. पाहुण्यांना अडीच-तीनपर्यंत ताटकळत ठेवणं ही मोठी चूक.

प्लास्टिकची डिश नको, पान-द्रोणच ठेवा, आणि संध्याकाळी स्वतः जाऊन ती जागा धुवून या. गाईला घास म्हणजे एक घास, टोपलंभर वडे-भात नाही, पंधरा दिवस सगळी गल्ली तेच घालते आणि ती बिचारी आजारी पडते.

## टप्पा ९ : नंतरचं

आलेल्यांना आग्रह करून वाढा, करणाऱ्याने सगळ्यांत शेवटी जेवायचं आणि रात्री जेवायचं नाही. उरलेलं अन्न त्याच दिवशी वाटून टाका.

सुतक आलं, आजारपण निघालं, घरात अडचण आली आणि तिथी हुकली तर अमावस्येला करा. तेही हुकलं तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे साधारण १६ नोव्हेंबरपर्यंत मुभा असते, पंचांगात "महालय समाप्ती" छापलेलं असतं ते बघा.

रात्री झोपायच्या आधी वहीचं शेवटचं पान लिहा. या वर्षी कोणत्या तारखेला झालं, गुरुजी कोण, किती पानं, काय कमी पडलं, कोणती नावं नव्याने कळली आणि कोणती अजून रिकामी आहेत. जेवायला आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मामीने सहज एखादं नाव सांगितलेलं असतं, ते सकाळपर्यंत विसरायला होतं. मग त्या पानांचे फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवा आणि वही देवघराच्या खणात ठेवा, कपाटात वर नको, पुढच्या भाद्रपदात हाताला लागली पाहिजे.